शुद्धिपत्रासकट सॅव्हेज

वंशावळीचं पुस्तक कोणी सलग वाचत नाही. आपलं आडनाव काढायचं, पणजोबांच्या नावावर बोट टेकवायचं आणि पुस्तक मिटायचं. जेम्स सॅव्हेज यांचा न्यू इंग्लंडचा वंशकोश मात्र मी दूरचंही नातं नसताना वाचत बसतो. वाचतो तोही १९६५ साली बाल्टिमोरच्या जिनिअलॉजिकल पब्लिशिंग कंपनीने पुन्हा छापलेला.

सॅव्हेज बॉस्टनचे. तिथल्या पहिल्या बचत बँकेच्या संस्थापकांपैकी एक, आणि मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीचे अध्यक्षही. जॉन फार्मर यांनी १८२९ मध्ये पहिल्या वसाहतवाल्यांची नोंदवही छापली होती. तिच्या पायावर सॅव्हेज यांनी १८६० ते १८६२ या काळात चार खंड उभे केले. मे १६९२ च्या आधी जे आले, त्यांच्या तीन पिढ्या, एवढीच मर्यादा त्यांनी घालून घेतली.

नोंद दिसायला अगदी रुक्ष असते. आडनाव, नाव, गाव, कागदोपत्री पहिल्यांदा दिसल्याचं साल; मग ‘फ्रीमन’ झाल्याचं साल, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, मृत्यू. सगळं संक्षेपांत, दाटीवाटीने. पण ‘फ्रीमन’ या एका शब्दामागे मतदानाचा हक्क आहे, आणि १६३१ नंतरची बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचं सभासदत्व असल्याशिवाय तो मिळत नसे. म्हणजे त्या सालावरून माणसाचं गावातलं वजन कळतं. तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखांना दोन-दोन सालं जोडावी लागतात. आणि जागोजागी येणारं ‘कदाचित’! मला या कोशातला सर्वांत देखणा शब्द तोच वाटतो. पुरावा जिथे संपतो तिथे सॅव्हेज थांबतात आणि थांबल्याचं सांगतात. घराण्याला सरदार-उमराव चिकटवून देण्याचा मोह ज्या काळात सर्रास होता, त्या काळात हे मोठं धाडस होतं. सेलमच्या चेटूक-खटल्यांत फासावर गेलेल्यांपाशी आले की मात्र या संयमी माणसाचा संताप लपत नाही.

एक अडचण होती, तीही मोठी. कोश चालतो पुरुषांच्या आडनावाने. समजा, ब्राउनांची मुलगी व्हाइटिंगांकडे दिली. तिचा जन्म पहिल्या खंडात, संसार चौथ्यात. ती विधवा झाली आणि पुन्हा लग्न करून मूरांच्या घरी गेली, की उरलेलं आयुष्य तिसऱ्या खंडात. तीन जाडजूड खंडांत विखुरलेली ही बाई कुठून कशी गोळा करायची? १८८४ मध्ये ओ. पी. डेक्स्टर यांनी त्यासाठी एक सूची केली. कोणत्या आडनावाची माणसं दुसऱ्या कोणकोणत्या आडनावांखाली येऊन गेली आहेत, ते तीत सापडतं. त्याआधी, १८७३ मध्ये सॅव्हेज वारले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंडच्या वंशेतिहासाच्या त्रैमासिकात कोशातल्या चुका आणि टिपा छापून आल्या. चार खंड, त्रैमासिकातली मोजकी पानं आणि सूची अशी ही तीन ठिकाणची सामग्री होती.

बाल्टिमोरकरांनी ती एका संचात आणली, आणि माझ्या मते पुनर्मुद्रण म्हणावं ते हेच. मूळ मजकुराला त्यांनी हात लावला नाही. जुनी पानं जशीच्या तशी छापली, त्यामुळे शंभर वर्षांत लोकांनी दिलेले खंड-पृष्ठांचे दाखले आजही बरोबर लागतात. दुरुस्त्या मजकुरात मुरवून टाकल्या असत्या, तर सॅव्हेज कुठे चुकले आणि ते कोणाच्या लक्षात आलं, हा मागच पुसला गेला असता. इथे चूकही दिसते आणि दुरुस्तीही, दोन्ही आपापल्या सालासह.

कुलवृत्तांत वाचत वाढलेल्या मराठी माणसाला याचं मोल सांगायला नको. आपल्याकडेही जुन्या कुलवृत्तांतांच्या प्रती दुर्मीळ झाल्या आहेत, आणि ‘नवी आवृत्ती काढा’ असं कोणी म्हणालं की पहिला विचार येतो तो नव्या पिढ्या जोडून सगळं नव्याने जुळवण्याचा. नव्या पिढ्यांची पुरवणी खुशाल काढावी. जुना ग्रंथ मात्र पानाला पान ठेवून छापावा. त्याआधी घरोघरच्या प्रती मागवून घ्याव्यात आणि त्यांच्या समासात कोणा आजोबांनी शाईने लिहिलेलं, कोणा आत्याने पेन्सिलीने खोडून सुधारलेलं सारं तपासून, कोणत्या प्रतीत काय मिळालं त्याच्या उल्लेखासह, शेवटी छापावं.