अंदाजपत्रकाची जात

दलित साहित्याविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने अनुभवाची दाहकता, नकार, विद्रोह हे शब्द पुष्कळ वापरले. ते शब्द खरे आहेत. पण बाबूराव बागुलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) किंवा नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) वाचताना झोपडपट्टी, नाला, पाण्याची रांग यांना आपण ‘वातावरण’ म्हणून मोकळे झालो. माझा आक्षेप इथे आहे. गटार पावसासारखे आभाळातून पडत नाही. ते बांधले जाते किंवा बांधले जात नाही. दोन्हींमागे ठराव असतो, कर्ज असते, कुणाची तरी सही असते. ज्या कागदाने हे वास्तव घडवले तो कागद आपण वाचलाच नाही.

खरे तर आपल्या चळवळीचा आरंभच अशा कागदापाशी आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असे त्याचे म्हणणे होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केले. अस्पृश्यांनी २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्ष पाणी घेतले, तेव्हा त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव फिरवला. महाडच्या पाण्यात आपण समता पाहिली, आणि ती होतीच. पण बोले ठरावाचा कणा सार्वजनिक पैसा हा होता, हे आपण विसरलो. पैसा सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचे. याचा पुढचा प्रश्न असा की, तो पैसा कुठे खर्च करायचा हे कोण ठरवते?

मुंबईचा इतिहास पाहा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारने व नगरपालिकेने दिलेल्या जमिनी, कर्जरोखे आणि नगरपालिकेचा वार्षिक हप्ता यांवर तो चालला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा अधिक होत्या. यात कुणा एका साहेबाचा दुष्टपणा शोधू नका. कर्ज फेडायचे तर जमिनीने पैसा दिला पाहिजे, आणि मजुराची खोली तो देत नाही. याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड दोन दशके होते. त्या चाळीला आपण वंदन करतो. ती कोणत्या हिशेबातून उभी राहिली, हे मात्र विचारत नाही.

तो हिशेब बदललेला नाही. २०१५ साली केंद्राने स्मार्ट सिटी योजना आणली. शंभर शहरे निवडली आणि प्रत्येकाला पाच वर्षांत सरासरी ५०० कोटी रुपये देऊ केले. शहरातला एक भाग निवडून तिथे ‘क्षेत्राधारित विकास’ करायचा, अशी तिची रीत होती. पुण्याने औंध-बाणेर-बालेवाडी निवडले. आधीच सुस्थितीत असलेल्या भागाला ‘स्मार्ट’ करणे सोपे असते. तिथले यश लवकर दिसते. मुंबईत याच काळात कटऑफ तारखेनंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळ नाकारला जात होता. माणूस कोणत्या साली शहरात आला यावर त्याची तहान ठरत होती. शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कुणी म्हणेल, अंदाजपत्रकात जातीचा रकाना कुठे आहे? रकाना नाही, विभागणी आहे. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचे होते. त्यातले ४३,१६२ कोटी भांडवली कामांचे, म्हणजे पूल, रस्ते, बोगदे, प्रकल्प यांचे. उद्‌घाटनाचा नारळ इथे फुटतो. रोजची देखभाल महसुली बाजूला असते आणि तिथे काटकसर म्हणजे कंत्राट. वाहिनी भांडवलातून टाकली जाते. ती तुंबली की कंत्राटदार माणूस उतरवतो. तो बहुधा कोणत्या जातीचा असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी हे काम बंद करायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. भरपाई तिप्पट झाली, म्हणजे मरणे थांबली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे. शिक्षकांनी ‘गोलपिठा’ शिकवताना त्याच्याबरोबर आपल्या वॉर्डाचे अंदाजपत्रक वर्गात वाचावे. विद्यार्थ्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे की आपल्या वस्तीसाठी गेल्या पाच वर्षांत किती तरतूद झाली, किती खर्च झाली, किती दुसरीकडे वळवली. कार्यकर्त्यांनी उद्‌घाटनाच्या दिवशी घोषणा देण्याऐवजी तरतूद ठरते त्या आठवड्यात सभागृहाच्या दारात उभे राहावे. आणि समीक्षकांनी वस्तीचे दुःख वर्णन करून थांबू नये. त्या दुःखाला मंजुरी देणाऱ्या ठरावाचा क्रमांकही लिहावा.