बीव्हरच्या फासळ्या

बीव्हर हे विमान देखणं नाही. नाक बोजड, पोट सपाट, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा, आणि शेपटीवर गोलसर कल्ला. जेट विमानांच्या मागे झुकलेल्या निमुळत्या पंखांना सरावलेला डोळा त्याच्यावर ठरत नाही. मात्र त्याचा 1:24 मापाचा बाल्सा लाकडाचा संच चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात, बाहेर धुकं दाटलेलं असताना, टेबलावर उलगडला आणि आराखड्यावर काड्या टाचण्यांनी रोवायला घेतल्या, की हा बेढबपणा कुणी फार विचारपूर्वक निवडलेला आहे हे ध्यानात यायला लागतं.

पंखापासूनच बघू. बाल्साच्या पातळ तक्त्यातून फासळ्या सुट्या करायच्या आणि घासकागद मारण्याआधी एकीवर एक रचायच्या. टोकाकडच्या थोड्या सोडल्या तर बाकीच्यांचा मिळून एक सलग ठोकळा होतो, इतक्या त्या सारख्या. स्पिटफायरचा संच केलेल्याला विचारा. त्याचा पंख लंबवर्तुळाकार, म्हणून मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक फासळीचं माप वेगळं. क्रमांक पुसला गेला तर अर्धा दिवस जुळवाजुळवीत जातो. स्पिटफायरचा पंख बघणाऱ्याला खूश करतो, बीव्हरचा दुरुस्त करणाऱ्याला. शिवाय सारख्या रुंदीच्या पंखाची हवेवरची पकड, विमानाचा वेग फारच उतरला, तर आधी मुळाशी सुटते आणि टोकाशी उशिरा. टोकाकडच्या हलत्या झडपा तोवर वैमानिकाचं ऐकत राहतात. आखूड तळ्यावर, झाडांच्या शेंड्यांलगत, हळू उतरणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? ज्याला आपण कंटाळवाणी रेघ म्हणतो तिच्यात वैमानिकाचा जीव राखलेला असतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर टोरोंटोजवळच्या डाउन्सव्ह्यू इथल्या डी हॅविलंड कॅनडा कंपनीने हे विमान आखलं, तेव्हा रानावनात विमानं उडवणाऱ्या वैमानिकांनाच आधी विचारून घेतलं: तुम्हाला काय पाहिजे? विचारण्यात पुढे होते पंच डिकिन्स, स्वतः उत्तरेच्या बर्फाळ मुलखात नाव कमावलेले वैमानिक. वेगाची मागणी फारशी आलीच नाही. कमी जागेत उठणारं, भरपूर माल घेणारं, चाकं काढून तरंडे किंवा बर्फावरच्या पट्ट्या लावता येतील असं विमान त्यांना हवं होतं. 16 ऑगस्ट 1947 ला, म्हणजे आपल्याकडे झेंडा चढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रस बॅनॉक यांनी ते पहिल्यांदा उडवलं.

या मागण्या नमुन्यातही दिसतात, फक्त कुठे पाहायचं ते ठाऊक हवं. दोन्ही बाजूंच्या दारांची रुंदी बघा. छोट्याशा धडाला ती दारं जरा मोठीच वाटतात, कारण तेलाचं अख्खं पिंप आडवं लोटत आत घेता यावं हे माप आधी धरलं होतं. इंजिनाच्या वंगणाचं तोंड तर चालकाच्या कक्षात दिलेलं. गोठवणाऱ्या थंडीत बाहेर न पडता, उडता उडताही तेल ओतता यावं म्हणून. वऱ्हाडातली बंडी मी अशाच नजरेने बघतो. तिच्या साटीची लांबी, जुवाची उंची कुण्या चित्रकाराने ठरवली नाही. कडब्याने, चिखलाने आणि बैलाच्या खांद्याने ठरवली.

बीव्हरच्या पहिल्या गिऱ्हाइकांत ओंटारिओ प्रांताचं वनखातं होतं, हे मला मेळघाटात बसून फार जवळचं वाटतं. जंगलात वणवा कुठे पेटला ते वरून हेरायचं आणि माणसं-सामान जवळच्या तळ्यावर उतरवायचं, ही त्यांची गरज. मेळघाटात उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, मनोऱ्यावर आगीसाठी राखण बसते. दोन्हीकडे कामाचं मूळ एकच, धूर लवकर दिसला पाहिजे. असं रानाला धरून घडलेलं हे विमान 1967 पर्यंत बनत राहिलं. एकूण 1,657 झाली आणि त्यातली कितीतरी आजही उडतात.

आता या संचाविरुद्ध एक तक्रार. खरं बीव्हर सबंध धातूचं आहे. म्हणजे आपण टेबलावर जो लाकडी सांगाडा उभारतो, तसा त्या विमानाच्या पोटात नाहीच. मग हे वाचन खोटं का? गंमत अशी, की याच डाउन्सव्ह्यूच्या कारखान्यात युद्धकाळात हजारावर मॉस्किटो विमानं बांधली गेली होती, आणि मॉस्किटोचं अंग प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा दाबून केलेलं होतं. लाकडात हात बसलेल्या कारखान्याने पुढच्या विमानासाठी धातू घेतला, आणि संचवाल्यांनी त्याला परत बाल्सात आणलं. माझ्या मते हा लाकडी सांगाडा विमानाच्या आतड्यांचं चित्र नाही, आकारामागच्या विचाराचं आहे. तेवढं मान्य केलं की तक्रार उरत नाही. प्लास्टिकचं नाक मात्र मला अजूनही खटकतं. सगळ्यात भारदस्त भाग त्यांनी सगळ्यात हलक्या मनाने केला आहे.

बाल्सा येतो मुख्यतः इक्वेडोरहून. चांगल्या बाल्साची घनता सागाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढी. पण त्याचं नातं आपल्या काटेसावरीशी आहे. दोन्ही एकाच कुळातली झाडं. फाल्गुनात पानं झडून लाल फुलांनी पेटलेली सावर मेळघाटात हवी तितकी दिसते. तिचं मऊ, हलकं लाकूड आगपेटीच्या काड्यांना जायचं. पंखाच्या टोकाची गोलाई मी संचातल्या तुकड्यांनी न करता बांबूच्या कामटीने केली, मेणबत्तीवर शेकत शेकत वाकवून. विमानांचे नमुने करणारे जुने लोकही बांबू असाच वापरत. वजन किंचित वाढतं, पण टोक आपटलं तरी तुटत नाही.

पावसाळ्यात इथे खरी परीक्षा कागदाची. सांगाड्यावर झिरझिरीत कागद चिकटवून पाण्याचा फवारा मारायचा, वाळताना तो आक्रसून ढोलाच्या कातड्यागत ताणला जातो. श्रावणात चिखलदऱ्यात तो वाळायचंच नाव घेत नाही, आणि कोरड्या दुपारी ताणलेला कागद संध्याकाळी धुकं आलं की पुन्हा ढिला पडतो. त्यावर मारायचा डोप नावाचा लेप दमट हवेत पांढरा फटक पडतो. त्यातला द्रव भराभर उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यात अडकते. म्हणून ते काम कार्तिकावर ढकलावं आणि तोवर उघडा सांगाडा बघत बसावं. मला तर तेच बरं वाटतं, कागद चढला की सारख्या फासळ्यांची ती ओळ पुन्हा दिसायची नाही.

घरी येणारं पोरगं एकच विचारतं, "काका, उडते का हे?" उडतं, रबराच्या पिळावर, काही सेकंद. पण इथे एक सुंदर पेच आहे. खऱ्या बीव्हरचं भरलेलं वजन सुमारे 2,313 किलो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोवीस पटींनी घटवली तर वजन 13,824 पटींनी घटायला हवं, म्हणजे नमुना 167 ग्रॅमचा. मापाशी इतकं इमान राखलेला नमुना रबराच्या जोरावर उचलणार नाही; त्याला याच्या निम्म्याहूनही हलकं व्हावं लागतं. हवा आपल्यासाठी चोवीस पटींनी लहान होत नाही ना! त्यात चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर, हवा सपाटीपेक्षा दहाएक टक्के विरळ. गाविलगडाच्या बाजूच्या कड्यावरून सोडायचा मोह होतो, पण दरीत गेलेलं विमान कोण आणणार?

हे सगळं वाचन परक्या विमानावर का खर्च करायचं, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे विष्णु माधव घाटगे होते. कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आखलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडालं, 1958 मध्ये पुष्पक, 1959 मध्ये कृषक. पुष्पक फ्लाइंग क्लबांचं, दोन माणसांचं. कृषक सैन्याच्या टेहळणीचं, आखूड धावपट्टीवरून उठणारं, बीव्हरच्या गोतातलं. पुष्पकचं अंग नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं, म्हणजे काड्या आणि कागदाच्या नमुन्यात ते बीव्हरपेक्षा खरं उतरेल. त्याची फासळी मी आलेखाच्या कागदावर उतरवायला घेतली आहे. ती बाल्सातून कापायची की सावरीतून, हे परतवाड्याचा मिस्त्री एवढी पातळ फळी चिरून देतो का, त्यावर ठरेल.