बरनीचे अश्रू आणि अफीफचा टंका

एकाच नावाचे दोन ग्रंथ, एकाच राजधानीच्या छायेत, सुमारे अर्धशतकाच्या अंतराने लिहिले जावेत, हा योग दिल्लीच्या फारसी इतिहासलेखनात जुळून आला आहे. झियाउद्दीन बरनीची ‘तारीख-इ-फिरोजशाही’ इ. स. १३५७ मध्ये पुरी झाली. शम्स सिराज अफीफची त्याच नावाची तारीख तैमूरने १३९८ साली दिल्ली लुटल्यानंतरची आहे. पहिली बल्बनाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १२६६ पासून, सुरू होते व फिरोजशहा तुघलकाच्या सहाव्या वर्षापाशी थांबते. दुसरीत केवळ फिरोजशहाचा काळ आहे. इतिहासाचे अभ्यासक या दोन्ही ग्रंथांतून आकडे व घटना वेचून घेतात आणि ग्रंथ बाजूला ठेवतात. मला येथे त्यांच्याकडे ग्रंथ म्हणूनच पाहावयाचे आहे, आणि तेही एका विषयापुरते. सैन्याला रोख वेतनाऐवजी जमिनीचा वसूल तोडून देण्याची जी ‘इक्ता’ नावाची पद्धत, तिची हकीकत हे दोघे कशी सांगतात?

इक्ता म्हणजे वतन नव्हे. जमीन सरकारचीच राही. तिच्या वसुलावरचा हक्क चाकरीच्या मोबदल्यात, चाकरी असेतोवर, मिळे. आपल्याकडील सरंजामाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. मोठ्या सरदाराला प्रांत मिळे. त्याने त्यातून फौज पोसावी आणि उरलेला वसूल खजिन्यात भरावा, अशी अट असे. साध्या स्वाराच्या वाट्याला एखादे गाव किंवा त्याचा हिस्सा येई, आणि तोच त्याचा पगार. खजिन्यातून नाणे न काढता घोडेस्वार उभा करण्याची ही युक्ती मोठी सोयीची होती, यात शंका नाही. गोम एवढीच, की पगार महिन्याअखेर संपतो, आणि गाव मात्र जागच्या जागी राहते.

बरनीच्या ग्रंथातील बल्बनाचे प्रकरण येथूनच रंगू लागते. अल्तमशाच्या वेळी सुमारे दोन हजार स्वारांना गंगा-यमुनेच्या दुआबात गावे मिळाली होती. बल्बनाने चौकशी केली तेव्हा त्यांतले कित्येक मरून गेले होते, कित्येक जराजर्जर झाले होते, आणि मुलांनी ती गावे बापाची मालमत्ता म्हणून बळकावली होती. मोहिमेची हाक आली की बहुतेक जण सबबी सांगून घरी बसत आणि लष्करी खात्याच्या, म्हणजे दिवाण-इ-अर्जच्या, अधिकाऱ्यांना भेटी व लाच पोचवून त्या सबबी मान्य करवून घेत. बल्बनाने तीन वर्ग पाडले. म्हाताऱ्यांची गावे काढून घेऊन त्यांना चाळीस-पन्नास टंक्यांची नेमणूक करावी. धडधाकटांना चाकरीच्या मानाने वेतन ठरवावे, गावे त्यांच्याकडेच ठेवावी, पण वरकड वसूल सरकारी अंमलदारांनी घ्यावा. विधवा व पोरक्या मुलांची गावे खालसा करून त्यांना अन्नवस्त्रापुरते द्यावे. कोणत्याही हिशेबी माणसाला हा हुकूम वाजवी वाटावा असाच आहे.

मग दिल्लीत आकांत झाला. वृद्ध शिपाई नजराणे घेऊन कोतवाल फक्रुद्दीन याच्याकडे गेले. त्याने ते नजराणे परत केले. तुमच्याकडून काही घेतले तर माझ्या शब्दाला वजन राहणार नाही, असे तो म्हणाला. दरबारात तो आपल्या जागी खिन्न मुद्रेने उभा राहिला. सुलतानाने कारण विचारले. त्यावर त्याचे उत्तर असे, की म्हातारे नाकारले जाताहेत असे ऐकतो. कयामतीच्या दिवशीही म्हाताऱ्यांना असेच नाकारले तर माझ्यासारख्या वृद्धाची गत काय होईल, ही चिंता लागली आहे. बल्बन रडला आणि हुकूम रद्द झाला.

शालेय पुस्तकांत हा प्रसंग आला तर एका कठोर सुलतानाच्या दयेचा दाखला म्हणून येतो. मला तो बरनीच्या साऱ्या ग्रंथातील सर्वांत कसदार प्रसंग वाटतो, आणि त्याचे कारण दया हे नव्हे. बरनीने हिशेब आणि अश्रू एकाच पानावर मांडले आहेत व दोहोंपैकी कशालाही खोटे पाडलेले नाही. लाचखोरीची हकीकत त्याने आधी पुरती सांगितली आहे. म्हणून म्हातारे रडतात तेव्हा ते निरपराध आहेत असे वाचकाला वाटत नाही, आणि तरीही त्यांची कीव येते. हा प्रसंग घडला तेव्हा बरनी जन्मलाही नव्हता. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट त्याने आपल्या भाषेत सजवली असणार. पण ती लिहिताना तो स्वतः सत्तरी ओलांडलेला होता. महंमद तुघलकाच्या सहवासात त्याने सतरा वर्षे काढली होती, आणि १३५१ मध्ये तो सुलतान वारल्यावर त्याचे स्थान गेले होते. नाकारलेल्या म्हाताऱ्याची वेदना त्याला कोणाकडून उसनी आणावी लागली नाही. (२००४ नंतर केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत आलेल्या आम्हा मंडळींच्या बैठकीत निवृत्तिवेतनाचा विषय किती लवकर निघतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दुआबातील त्या स्वारांची घालमेल समजावून सांगावी लागणार नाही.)

बल्बनाला जे जमले नाही ते अल्लाउद्दीन खिलजीने केले. त्याने इनामे खालसा केली, स्वाराला सालीना २३४ टंके रोख ठरवले, घोड्यांना डाग दिले, आणि तेवढ्या पगारात स्वाराचे भागावे म्हणून धान्यापासून घोड्यांपर्यंत भाव बांधून दिले. बरनी हे सारे तपशिलाने देतो; धाकाने थक्क झालेल्या माणसाचा सूर त्याच्या लेखणीला येथे लागतो.

अफीफ अगदी निराळ्या प्रकृतीचा लेखक. उद्ध्वस्त दिल्लीत बसून तो गेलेल्या सुखाचे दिवस आठवतो आहे. फिरोजशहाने पुन्हा गावे तोडून देण्यास आरंभ केला. शिपाई मेला तर नेमणूक मुलाकडे, मुलगा नसेल तर जावयाकडे, तोही नसेल तर गुलामाकडे जावी, असा नियम झाला. ज्यांना गाव नव्हते त्यांना परगण्यांच्या वसुलावर चिठ्ठ्या मिळत. पेशवाईतली ‘वरात’ ज्यांनी वाचली आहे त्यांना ही चीज ओळखीची वाटेल. शहरातले सावकार त्या चिठ्ठ्या एक तृतीयांश किमतीला विकत घेत आणि परगण्यात जाऊन निम्मी रक्कम वसूल करीत. अफीफ हे नोंदवतो. शिपायाच्या पदरात पगाराचा तिसराच हिस्सा पडला, हे मात्र त्याला खुपलेले दिसत नाही.

त्याची एक गोष्ट तर विलक्षण आहे. एक स्वार आपल्या सोबत्यापाशी रडगाणे गात असता सुलतानाच्या कानी पडले. विचारता कळले, की हजिरीत घोडा पास व्हावयाचा तर कारकुनाला सोन्याचा एक टंका द्यावा लागतो, आणि तो याच्यापाशी नाही. फिरोजशहाने त्याला टंका देवविला. स्वाराने तो कारकुनाच्या हाती ठेवला आणि दाखला घेऊन तो सुलतानाचे आभार मानावयास आला. अफीफ ही गोष्ट धन्याच्या औदार्याचा नमुना म्हणून सांगतो.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचावे. दोहोंतही म्हटले तर लाचच आहे. बरनीचा कोतवाल ती नाकारतो आणि म्हणून त्याचा शब्द चालतो. अफीफचा सुलतान ती स्वतःच्या खजिन्यातून, आपल्याच कारकुनाला, आपल्याच फौजेचा घोडा तपासला जाऊ नये म्हणून देतो. इक्ता कशी कुजली याचे विवेचन आधुनिक ग्रंथांत पुष्कळ मिळते. पण ती रणांगणावर कुजली नाही, हजिरीच्या मेजावर कुजली, हे अफीफच्या या भाबड्या गोष्टीइतके स्वच्छ मला कोठे दिसले नाही. अफीफला हे कळत नव्हते, असे मी म्हणतो. त्याच्या काही चाहत्यांना तो मिस्कील वाटतो. पण मिस्कील लेखक शेकडो पाने एका सुरात स्तुती करीत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनाही माफ करता येत नाही. या सर्व दयेचा खर्च ज्या गावांनी सोसला, ती गावे या ग्रंथांत जवळजवळ मुकी आहेत. बल्बनाचा हुकूम रद्द झाल्यावर दुआबातील कुणब्याने कोणाला वसूल भरला, घरी बसलेल्या म्हाताऱ्याला की त्याच्या पोराला, याची चौकशी बरनी करीत नाही. अल्लाउद्दीनने निम्मे पीक सारा म्हणून घेतले आणि गावच्या खोत-मुकादमांना घोड्यावर बसणे अशक्य झाले, त्यांच्या बायकांना मोलमजुरी करावी लागली, हे तो लिहितो खरे, पण त्यात दुःखापेक्षा समाधानच अधिक आहे. स्वतःच्या वर्गाच्या म्हाताऱ्यांसाठी ओलावणारी त्याची लेखणी गावकुसाशी येताच कोरडी पडते.