पूर्वज : कागदातला आणि आठवणीतला

आपल्या घराण्याचा इतिहास लिहावा ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि ती अलीकडे वाढत आहे ही आनंदाची गोष्ट मानावयास हरकत नाही. परंतु इच्छा चांगली असली म्हणजे ग्रंथही चांगला उतरतो असे नाही. पणजोबांचे चरित्र शोधू निघालेला नातू दोन साधनांवर भिस्त ठेवतो : घरातले जुने कागद आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. या दोहोंचे स्वभाव भिन्न आहेत. ते न ओळखता दोन्ही एकाच शाईने लिहून काढली, की चरित्राच्या जागी घराण्याने स्वतःस दिलेले प्रशस्तिपत्र तेवढे हाती येते. अशा लेखनाची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा येथे प्रश्न आहे.

हुबळीच्या कमरीपेठेचे उदाहरण घेऊ. सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजेच पटवेगार, या विणकर समाजाची येथे जुनी वस्ती आहे. आपले मूळ नर्मदाकाठच्या माहिष्मतीत, राजा सहस्रार्जुनाच्या कुळात, असे हा समाज परंपरेने सांगतो. पुराणातल्या राजापासून आजच्या नातवापर्यंत अखंड वंशावळ कोणत्याही कागदाने सिद्ध व्हावयाची नाही. म्हणून ही आठवण टाकाऊ ठरवावी काय? तसे करणे घाईचे होईल. या घरांतली बोली ऐकावी. चोहोंकडे कानडी असताना तिच्यात गुजरातीशी नाते सांगणारी रूपे टिकून आहेत, आणि मराठी शब्दही मुरले आहेत. ही बोली राजाची साक्ष देत नाही, पण उत्तरेकडून झालेल्या प्रवासाची देते. आठवणीने सांगितलेले नाव आणि आठवणीने सांगितलेली दिशा यांची योग्यता सारखी नसते. नाव श्रद्धेचे असेल, पण दिशा तपासता येते. हा भेद जो लेखक करतो, त्याच्या लेखणीवर विश्वास टाकावा.

आता कागदांकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात गेला, आणि १९५६ पर्यंत तो मुंबईकडेच राहिला. आरंभीच्या काळात येथील सरकारी लिखापढी बव्हंशी मराठीत, मोडी लिपीत चाले. कचेरीत कानडीस तिचे स्थान एकोणिसाव्या शतकात हळूहळू मिळाले. त्यामुळे या भागातल्या कित्येक घरांत आजोबा कानडी बोलत होते आणि आजोबांचे कागद मोडीत आहेत, असा विलक्षण प्रकार आढळतो. नातवास ना ती लिपी येते, ना ती भाषा. मग कागदांची पूजा होते किंवा ते रद्दीत जातात. दोन्ही प्रकारे पूर्वज मुकाच राहतो.

समजा, मोडी वाचणारा भेटला. तरी पुढचा प्रश्न उरतोच : हा कागद कोणी, कशासाठी लिहिला? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा शेकडो घराण्यांना आपल्या सनदा पुढे करून हक्क शाबीत करावा लागला. त्या कैफियतींबरोबर ज्या वंशावळी गेल्या, त्या सरकारच्या एका प्रश्नाचे उत्तर होत्या : या जमिनीवर वारसा कोणाचा? साहजिकच त्यांत पुरुषांची नावे आहेत, दत्तके काटेकोर नोंदली आहेत, आणि मुली नाहीत. उत्तर खोटे नव्हते. प्रश्नच तेवढा होता. आज आपण तोच कागद घराण्याचे समग्र चित्र म्हणून वाचतो, तेव्हा चूक कागदाची नसून आपली असते.

मराठीतील कुलवृत्तान्तांनी हीच चौकट पुढे चालविली. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मग शाखावार वंशवेल, हा त्यांचा ठरलेला साचा. या ग्रंथांमागचे कष्ट थोर आहेत. गावोगाव पत्रे पाठवून, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या चाळून संपादकांनी जे जमविले, ते अन्यथा लुप्त झाले असते. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील वहीत यात्रेकरूने स्वहस्ते केलेली नोंद पाहणे हा अनुभवही साधा नाही. तेथे पूर्वजाचे अक्षरच समोर येते. तथापि वेलीवर मुलगी बहुधा फांदी म्हणून येत नाही, आणि सून येते ती माहेरचे व सासरचे अशी दोन नावे घेऊन एका ओळीपुरती. ती काय गात होती, कोणते कर्ज फेडीत होती, हे विचारावयास रकानाच नाही.

तो रकाना आठवण भरते. हुबळीतच याचे प्रमाण आहे. गंगूबाई हनगल यांचा जन्म १९१३ मध्ये धारवाडात झाला; १९२८ मध्ये कुटुंब हुबळीस आले. त्यांची परंपरा आईकडून आईकडे चालत आली, आणि हनगल हे पूर्वजांचे गाव, आज हावेरी जिल्ह्यातले, त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. मातोश्री अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या. मुलीच्या हिंदुस्थानी गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे आवरते घेतले. ही गोष्ट कोणत्या सनदेत सापडणार? ती आपणांस कळली ती मुलीने सांगितली म्हणून. सांगणारी कृतज्ञ मुलगी आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. पण वगळू नये. ती वगळल्यास गंगूबाईंच्या गायनामागचा एक मोठा त्यागच आपल्या हिशेबातून गळेल.

आठवण विश्वसनीय असली, तरी ती छापणाऱ्याच्या हाती सुरक्षित असते असे नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे दारिद्र्यामुळे उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहाने त्यांनी आपली हकीकत लिहिली. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण भाषा व मजकूर यांवर स्वतःचा हात फिरवून. सुदैव असे, की मूळ हस्तलिखित त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये ते मूळ स्वरूपात छापले. वैद्यांना केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी लिहविले नसते तर काहीच उरले नसते, आणि मूळ त्यांनी नष्टही केले नाही. परंतु साठ वर्षे वाचकांनी भटजींचा आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकला. घराण्याचा इतिहास लिहिणाराने यातून एवढे शिकावे : सुधारावयाचे तर खुशाल सुधारा, पण मूळ जपा, आणि आपला हात कोठे फिरला ते सांगा.

या नियतकालिकाच्या वाचकांना हे अधिक जवळचे वाटावे. घरात कोंकणी, भजनात मराठी आणि कचेरीत कानडी, अशी त्रिभाषी घरे आपल्यांत पुष्कळ आहेत. अशा घरातला पूर्वज एका भाषेत पुरता सापडत नाही. आजीची कोंकणी आठवण शुद्ध मराठीत उतरविताना तिच्यातला रोष, थट्टा, लाज बहुधा गळून पडते. ती आधी आजीच्याच शब्दांत टिपून ठेवावी. भाषांतर मागाहून होईल.

आमची कसोटी म्हणून सांगावयाची ती एवढीच. कागद काय म्हणतो, आठवण काय म्हणते, आणि लेखकाने काय जुळविले, हे तीन धागे वाचकास वेगळे दिसले पाहिजेत. कमरीपेठेतल्या विणकरास हे समजावून सांगावे लागणार नाही. उभा धागा आणि आडवा धागा वेगळे ओळखता येतात, म्हणूनच वस्त्राचा पोत कळतो. ज्या चरित्रात ते ओळखता येत नाहीत, त्यातला पूर्वज कितीही तेजस्वी दिसो, तो आपला कोणी लागत नाही.