दहा-पंधरा किलोमीटरच्या आतलं बोलणं

सामुदायिक रेडिओ केंद्राला पन्नास वॉटचा ट्रान्समीटर आणि तीस मीटर उंचीचा मनोरा, एवढीच परवानगी असते. एवढ्या ताकदीत आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी, नगरचा रेडिओ नगर, नाशिकचा रेडिओ विश्वास ही सगळी केंद्रं याच परिघात बोलतात. सकाळी माइकसमोर बसलेली बाई दुपारी बाजारात आपल्याच श्रोत्यांना भेटते. कोण बोलतंय, कुणाची सून आहे, तिचा भाऊ कुठल्या सोसायटीत सचिव आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीला किंवा दूरचित्रवाणीच्या चर्चेला अशी ओळख कधीच मिळत नाही. या ओळखीतून बोलण्याची एक वेगळी कला उभी राहायला हवी होती. ती किती उभी राहिली हे तपासण्याची वेळ आली आहे, कारण मराठीत रेडिओवर लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींच्या सुरात. नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, पण कालच्या रेडिओ कार्यक्रमाचं परीक्षण कुठेच छापून येत नाही.

आधी जमलेल्या गोष्टी सांगतो. 2006 च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने स्वयंसेवी संस्थांना केंद्र चालवायची मुभा दिली आणि माणदेशी तरंग वाहिनी 2008 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून या केंद्रांनी निवेदनाचा सूर बदलला. ओव्या, बचत गटाच्या बैठका, चाऱ्याचे आणि बाजाराचे भाव, बाळंतिणीचा आहार हे विषय शहरी स्टुडिओतून सांगितले जातात तेव्हा उपदेश होतात. इथे ते शेजारणीच्या तोंडून येतात. ज्या बायकांनी आयुष्यात कधी सभेत हात वर केला नव्हता त्या तासभर कार्यक्रम चालवतात. ही कमाई मोठी आहे आणि ती कुणी हलक्यात घेऊ नये.

अडचण सुरू होते ती संभाषणात. एका केंद्रावर ऐकलेला कार्यक्रम सांगतो. विषय उन्हाळ्यातलं पाणी. एका बाईंनी फोन करून सांगितलं की वरच्या आळीत चौथ्या दिवशी पाणी येतं आणि तेही पहाटे तीनला, त्यामुळे झोपेचं खोबरं होतं. निवेदिका म्हणाली, ‘खूप महत्त्वाचा मुद्दा मांडलात ताई, धन्यवाद,’ आणि स्टुडिओत बसलेल्या तज्ज्ञांकडे वळली. तज्ज्ञांनी पाणी जपून वापरण्याचे उपाय सांगितले. ते उपाय चुकीचे नव्हते, पण बाईंचा प्रश्न तिथेच पडून राहिला. खालच्या आळीत पाणी किती वाजता येतं? व्हॉल्व्ह कोण सोडतो? पहाटे तीनची वेळ कुणी ठरवली? यातला एक प्रश्न विचारला असता तरी पुढचा फोन खालच्या आळीतून आला असता, तिसरा कदाचित पाणी सोडणाऱ्या माणसाचा, आणि खरा कार्यक्रम तिथे सुरू झाला असता. रेडिओवरच्या गप्पांची सगळी कला त्या दुसऱ्या प्रश्नात असते. आमच्या केंद्रांवर पहिला प्रश्न छान विचारला जातो, दुसरा फार क्वचित.

असं का होतं, याचं सगळं खापर कायद्यावर फोडलं जातं. कायद्याचा वाटा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, तरी 2006 च्या धोरणाने सामुदायिक केंद्रांना बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडी वर्ज्य केल्या. त्यामुळे उद्या पाणी येणार नाही हे सांगता येतं. आज का आलं नाही हे विचारताना केंद्रचालकाच्या पोटात गोळा येतो. लोकशाही देशात गावच्या रेडिओने गावची बातमी द्यायची नाही, ही अट मला अन्यायाची वाटते. पण व्हॉल्व्ह कोण सोडतो हा प्रश्न या अटीत अडकत नाही. तो अडकतो जवळिकीत. पाणी सोडणारा माणूस निवेदिकेच्या गल्लीतला असतो आणि सरपंचांनी केंद्राच्या उद्घाटनाला नारळ फोडलेला असतो. जी ओळख या माध्यमाचं बळ आहे तीच बोलणाऱ्याची जीभ धरते.

दुसरं कारण पैशाचं. जाहिरातींना तासाला सात मिनिटं मिळत, ती 2024 मध्ये बारा झाली. पण लहान गावात बारा मिनिटं भरतील एवढे जाहिरातदार आणायचे कुठून? मग केंद्र चालतं ते सरकारी खात्यांच्या आणि संस्थांच्या जनजागृती मोहिमांवर. लसीकरण, कुपोषण, स्वच्छता, डिजिटल व्यवहार. मोहिमेला हवा असतो संदेश, आणि संदेशाच्या कार्यक्रमात श्रोत्याचं काम होकार देण्याचं. वर्षानुवर्षं असे कार्यक्रम केले की निवेदकाच्या अंगी ती सवय मुरते. कुठलाही विषय आला तरी तज्ज्ञ बोलावला जातो, सल्ला घेतला जातो, आभार मानले जातात. दोन शेजारी एखाद्या गोष्टीवर एकमेकांशी असहमत आहेत, दोघांनाही आपलं म्हणणं नीट मांडता येतंय आणि मध्ये बसलेला माणूस दोघांना एकमेकांचं ऐकायला लावतोय, असा अर्धा तास मराठी सामुदायिक रेडिओवर मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

आपल्याकडे याची परंपरा नव्हती असं मात्र नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांवर बोलत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतलं ते संभाषण लिहिलेलं होतं, तरी त्यात एकाने दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडण्याची, कुरकुरण्याची, माघार घेण्याची लय होती. त्याहून महत्त्वाचा प्रयोग 1956 चा. युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पाच मराठीभाषक जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस गावकरी रेडिओभोवती बसत, कार्यक्रम संपला की त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूराथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं तेव्हा, मंडळ नसलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत लोकांची माहिती कितीतरी अधिक वाढलेली दिसली. तेव्हा फोन नव्हता, शंका टपालाने जात. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आणि तरी श्रोत्याने विचारलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे पुढच्या आठवड्यात सांगणारं सदर शोधावं लागतं.

खासगी एफएमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 2017 मध्ये आरजे मलिष्काच्या विडंबनगीताने मुंबई महापालिकेला घाम फोडला, आणि नागरी प्रश्नावर रेडिओचा आवाज किती लांब जातो हे दिसलं. पण तो आवाज निवेदिकेचा होता. श्रोते टाळ्या वाजवणारे होते, बोलणारे नव्हते. शहरी केंद्रांवर श्रोत्याला मिळतात ते वीस-तीस सेकंद, आणि तेही बहुधा आधी मुद्रित करून कापलेले.

याउलट छत्तीसगडमधल्या सीजीनेट स्वरा या फोनवर चालणाऱ्या सेवेने बोलणाऱ्या माणसालाच वार्ताहर केलं. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, अशी तक्रार तो गोंडीत किंवा हिंदीत नोंदवतो, संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही सांगतो, मग ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन लावतात. काम झालं की तोच माणूस पुन्हा फोन करून ते सांगतो. गडचिरोलीच्या सीमेपलीकडेच हे घडलं. आमच्या केंद्रांनी ते उचलायला हवं होतं.

भाषेचंही बोललं पाहिजे. ओव्या आणि गप्पा माणदेशी बोलीत रंगतात, पण विषय गंभीर झाला की तीच निवेदिका एकदम कार्यालयीन मराठीत शिरते. पाणी आलं नाही असं म्हणण्याऐवजी पाणीपुरवठा विस्कळीत झाल्याची माहिती ती देते, आणि तिच्या आवाजातला संताप निघून जातो. प्रशिक्षणात उच्चार सुधारण्यावर भर असतो. तो भर आता ऐकण्यावर आणि थांबण्यावर यायला हवा. फोनवरचा माणूस गप्प झाला की निवेदकाने लगेच गाणं लावू नये. बऱ्याचदा त्या चार सेकंदांनंतर तो मुद्द्याचं बोलतो.

आणि हे सगळं बोलणं जपायला हवं. परवान्याच्या अटीप्रमाणे केंद्राने कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने ठेवायचं असतं. पुढे ते ठेवायला बहुतेकांकडे ना जागा असते ना माणूस. माणदेशातल्या आणि जतमधल्या दुष्काळाच्या वर्षांत तिथले लोक आपापसांत काय बोलले, कशावर भांडले, कुणाला दोष दिला, हे कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. विद्यापीठांच्या मराठी आणि पत्रकारिता विभागांनी आपल्या जिल्ह्यातल्या एकेका केंद्राशी करार करून ही मुद्रणं दरमहा उतरवून घ्यावीत, त्यांची विषयवार सूची करावी आणि विद्यार्थ्यांकडून त्यांची परीक्षणं लिहून घ्यावीत. एका हार्ड डिस्कचा आणि एका मानधनाचा खर्च आहे.