विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची शालेय मांडणी : एक चिकित्सा

विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शालेय अध्यापनात फ्लेमिंगच्या उजव्या हाताच्या नियमाला अवाजवी महत्त्व मिळते. हा नियम प्रवर्तित धारेची दिशा सांगतो; कारण सांगत नाही. जिनिव्हाच्या कोलाडन यांनी १८२५ मध्ये कुंडलात चुंबक सरकवला. चुंबकाचा थेट परिणाम टळावा म्हणून गॅल्व्हनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. तेथे पोहोचेपर्यंत काटा शून्यावर परतलेला! फॅरेडे यांनाही २९ ऑगस्ट १८३१ रोजी, लोखंडी कड्यावरील प्रयोगात, काटा हलताना दिसला तो बॅटरी जोडताना व तोडतानाच. प्रवर्तनास चुंबकीय क्षेत्रातील बदल आवश्यक असतो, हे या अपयशातून जितके ठसते तितके सूत्रातून ठसत नाही. दिशेचे कारण लेंझ यांच्या १८३४ च्या नियमात आहे : प्रवर्तित धारा बदलास विरोध करते, आणि तो विरोध मोडण्यासाठी हाताने केलेले कार्यच विद्युतऊर्जा बनते.