‘नॉर्मल’ : एका शब्दातील दोन मापे

इंग्रजीतील ‘नॉर्मल’ या शब्दाला मराठीत बहुधा ‘सामान्य’ हा प्रतिशब्द योजिला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, आणि हे अपुरेपण केवळ भाषांतरापुरते मर्यादित नाही, एवढे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मूळ लॅटिन ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्यात बसेल ते ‘नॉर्मल’. म्हणूनच १७ व्या शतकातील इंग्रजीत हा शब्द प्रथम भूमितीत लंबरूप या अर्थाने वावरला. मराठी गणिती परिभाषेतील ‘अभिलंब’ ही संज्ञा या मूळ अर्थाला धरून आहे. पॅरिस येथे १७९४ साली स्थापन झालेल्या ‘एकोल नॉर्माल’ या शिक्षकशाळेच्या नावातही आदर्श घालून देण्याचाच भाव दिसतो. ‘नेहमीचा’, ‘रूढ’ हा अर्थ इंग्रजीत १९ व्या शतकात रुळला. त्याच शतकात फ्रेंच वैद्यकाने निरोगी अवस्थेला हे विशेषण लाविले, केटले याने १८३५ मध्ये ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली आणि पुढे संख्याशास्त्रातील घंटाकृती वक्रालाही हेच नाव मिळाले. अशा रीतीने एका शब्दात दोन मापे एकवटली : जे असावे त्याचे, आणि जे बहुधा असते त्याचे.

ही मापे नेहमी जुळतात असे नाही. दात किडणे हे पुष्कळांच्या वाट्यास येते, म्हणून ते आरोग्य ठरत नाही. डावखुरेपणा थोड्यांत आढळतो, म्हणून तो व्याधी होत नाही. वुंडरलिक याने १८६८ मध्ये असंख्य मोजण्यांवरून ३७ अंश सेल्सिअस हे शरीराचे तापमान सांगितले. ते मुळात सरासरीचे अनुमान होते. व्यवहारात मात्र ती मर्यादारेषा झाली. अलीकडील मोजण्यांत सरासरी याहून किंचित खाली आढळली, तरी रेषा लोकांच्या मनात तशीच राहिली.

मराठीत हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची सोय आहे. ‘नेहमीचे’, ‘सर्वसाधारण’ हे शब्द वारंवारता सांगतात. ‘रीतसर’, ‘यथायोग्य’ हे औचित्य. ‘सामान्य’ तर तिसरीकडेच झुकतो : ‘सामान्य कवी’ म्हणताच कवीची योग्यता उतरते. ‘प्रसामान्य’, ‘अपसामान्य’ या संज्ञा शास्त्रव्यवहारात आल्या, त्यामागील गरज येथे लक्षात येते. बोलीने मात्र मूळ शब्दच उचलला. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ या वाक्याने घरादाराचा जीव भांड्यात पडतो, हे खरे. परंतु ‘नॉर्मल डिलिव्हरी’ हा प्रयोग पाहा. जिची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली तिच्या पदरी, शस्त्रक्रिया कितीही अवश्य असली तरी, हा शब्द नकळत एक उणेपण टाकतो. २०२० च्या साथीत ‘न्यू नॉर्मल’ म्हणताना निरुपायालाही नियमाचे वस्त्र चढले.

भाषाभ्यासकाला ही बाब परकी नाही. ‘प्रमाणभाषा’ या आपल्या संज्ञेतील ‘प्रमाण’ म्हणजे मापही आणि अधिकारही. १९६२ साली शासनमान्य झालेले लेखननियम हे लेखनापुरते ठरविलेले संकेत होत. परंतु त्यांना ‘शुद्धलेखन’ म्हटले की इतर सारे आपोआप अशुद्ध ठरते, आणि लेखनाचा निकष हळूहळू उच्चारालाही लावला जातो. ‘व्हता’ म्हणणारा विद्यार्थी आपल्या बोलीचा नियम मोडीत नसतो, पाळीत असतो. त्याच्या रूपाला ‘नॉर्मल रूपापासूनचे विचलन’ म्हणणाऱ्या अभ्यासकाने वर्णनाच्या नावाखाली निवाडा दिलेला असतो, आणि तो निवाडा वर्गात त्या विद्यार्थ्याचे तोंड बंद करू शकतो.

म्हणून हा शब्द, अथवा त्याचा कोणताही मराठी पर्याय, प्रबंधात येईल तेथे तो कोणत्या मापाने वापरला आहे हे अभ्यासकाने स्पष्ट केले पाहिजे. वारंवारता अभिप्रेत असेल तर मोजणी द्यावी. औचित्य अभिप्रेत असेल तर ते कोणी व कशासाठी ठरविले हे सांगावे. दोहोंपैकी काहीच देता येत नसेल, तर तेथे हा शब्द न वापरणेच इष्ट होय.